विसापूरहून निघालेला हक्क

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर पगारपत्रक काढून बघा. कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ दिसेल: बहुतेकांचे दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300. ही कपात 1975 साली कशासाठी सुरू झाली, माहीत आहे? गावाकडच्या मजुराला हाताला काम मिळावं म्हणून! शहरातल्या पगारदारांकडून जमेल तेवढीच रक्कम सरकारनंही आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं होतं.

या सगळ्यामागे होते सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे. स्वातंत्र्य चळवळीतले कार्यकर्ते, वकील, गांधीविचारांचे, संतसाहित्यात रमणारे. 1960 ते 1978 अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. म्हणजे हाताशी ना खातं, ना खात्याचा पैसा. खुर्ची सभागृह चालवण्याची, आणि डोक्यात विचार मात्र रिकाम्या हातांचा!

सातारा-सांगलीचा पाऊस किती दुजाभाव करतो बघा. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो, आणि त्याच डोंगररांगांच्या आडोशाला माण, आटपाडी, जतला पाचशेचीही खात्री नाही. पाऊस हुकला की पीक गेलं, आणि पिकाबरोबर मजुरीही. पागे यांचं म्हणणं सरळ होतं: काम नाही म्हणता? बांध घालायचेत, तलाव खोदायचेत, रस्ते करायचेत. काम पडून आहे आणि माणूसही बसून आहे, तर दोघांची गाठ घालून द्या. तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात हा प्रयोग करून पाहिला गेला. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी तो उचलून धरला.

तेवढ्यात 1972 चा दुष्काळ आला. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर रोज किती माणसं असावीत? ऐन भरात जवळजवळ 50 लाख! राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास. दर दहातला एक जण टिकाव-घमेलं घेऊन उन्हात उभा होता.

पण मला सगळ्यात थक्क करतं ते वेगळंच. गरिबांसाठी योजना म्हटली की पहिला प्रश्न येतो, गरीब कोण? मग दाखले, याद्या, वशिले. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेत हा प्रश्नच उरला नाही. ‘मागेल त्याला काम.’ भर उन्हात खडी फोडायला, पाझर तलावाची माती उपसायला कोण येईल? ज्याला खरंच गरज आहे तोच. कामच चाळणी झालं! पाऊस चांगला झाला की मस्टरवरची नावं आपोआप कमी होतात, दुष्काळात आपोआप वाढतात. त्यासाठी मंत्रालयातून आदेश निघावा लागत नाही. बाई-पुरुषाला मजुरीचा दर एकच, आणि बायका या कामांवर मोठ्या संख्येनं आल्या. घराजवळ, नवऱ्याच्या किंवा मालकाच्या मर्जीवाचून, स्वतःच्या नावावर हजेरी लागणं ही त्या काळात केवढी गोष्ट होती!

बेकारांना काम द्यावं, हे जगाला नवं नव्हतं. स्वीडनच्या सोशल डेमोक्रॅट सरकारनं 1933 मध्येच बेकारांसाठी बाजारभावाच्या मजुरीची सार्वजनिक कामं काढली होती. महाराष्ट्रानं पुढचं पाऊल टाकलं आणि काम हा कायदेशीर हक्क केला. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्या, नाही जमलं तर बेकारी भत्ता द्या. आजवर सरकारपुढे हात जोडणारा मजूर आता सरकारला मुदत घालू लागला. भत्ता प्रत्यक्ष हातात पडणं फार दुर्मीळ राहिलं, मजुरी रखडली, खोट्या हजेऱ्याही लागल्या. मोर्चे काढून, मस्टर तपासून मजुरांच्या संघटनांनी हा कायदा जिवंत ठेवला, हेही तितक्याच जोरानं सांगायला हवं.

1990 मध्ये याच योजनेला फळबागा जोडल्या गेल्या आणि कोरडवाहू रानांत डाळिंब, बोर, आंबा उभा राहिला. 2005 साली संसदेनं ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला, तेव्हा समोर नमुना होता तो महाराष्ट्राचाच. आणि महाराष्ट्राच्या मूळ हमीत तर दिवसांची मर्यादाही नव्हती.