एकच बीपीची गोळी, एकाला कोरडा खोकला आणि दुसऱ्याला काहीच नाही. असं का होतं?

बीपीची गोळी सुरू होते आणि काही आठवड्यांनी घसा खवखवायला लागतो. मग कोरडा खोकला. कफ नाही, ताप नाही. आधी हवेला दोष दिला जातो, मग हळदीचं दूध, खोकल्याचं औषध आणि शेवटी छातीचा एक्स-रे. सगळं नॉर्मल येतं, पण गोळीवर कुणाचा संशयच जात नाही.

घरातली स्ट्रिप उलटून बघा. ब्रँडच्या नावासोबत मूळ औषधाचं नावही असतं. त्याच्या शेवटी 'प्रिल' असेल, म्हणजे रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, तर ती एसीई इनहिबिटर गटातली गोळी आहे. (या गटातली पहिली गोळी कॅप्टोप्रिल. ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरच्या अभ्यासातून ती तयार झाली आणि 1981 मध्ये तिला अमेरिकेत मंजुरी मिळाली.)

आपल्या शरीरातलं एसीई नावाचं एन्झाइम दोन कामं करतं. रक्तवाहिन्या आकसवणारं रसायन तयार करणं हे पहिलं आणि ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन मोडून टाकणं हे दुसरं. गोळी या एन्झाइमला अडवते, त्यामुळे बीपी उतरतं. पण दुसरं कामही अडतं. श्वासनलिकेत ब्रॅडिकायनिन साठतं, तिथल्या नसा चिडतात आणि खोकला येतो.

मग सगळ्यांनाच का येत नाही? ब्रॅडिकायनिन किती वेगाने मोडतं आणि नसा त्याला किती दाद देतात, यात माणसामाणसांत फरक असतो. या फरकाचा काही भाग जीन्समधून येतो. म्हणूनच चिनी वंशाच्या रुग्णांमध्ये हा खोकला युरोपीय वंशाच्या रुग्णांपेक्षा जास्त दिसतो. बायकांमध्येही तो पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. मात्र खोकल्याला जबाबदार असा एकच जीन नाही, त्यामुळे एखादी टेस्ट करून आधीच ओळखता येईल असं नाही.

मेटोप्रोलॉलचं गणित जास्त सरळ आहे. ही गोळी लिव्हरमधलं सीवायपी2डी6 हे एन्झाइम मोडतं. काहींच्या जीन्समध्ये ते जवळपास बंदच असतं. मग नेहमीच्या डोसमध्येही औषध रक्तात कितीतरी जास्त राहतं आणि नाडी फार मंदावू शकते. चक्कर येते, थकवा जाणवतो आणि खापर वयावर फुटतं.

'प्रिल'वाल्या गोळ्यांचा एक दुष्परिणाम मात्र धोकादायक आहे: ओठ, जीभ, घसा सुजणं. तो क्वचित होतो, आफ्रिकन वंशाच्या लोकांमध्ये जास्त, आणि गोळी सुरू करून कित्येक महिने उलटल्यावरही होऊ शकतो. अशी सूज आली तर पुढची गोळी घ्यायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

नुसत्या खोकल्यासाठी इतकी धावपळ नको. पण गोळी मनाने बंद करणंही नको, कारण बीपी पुन्हा चढतं आणि ते बहुतेकदा कळतही नाही. डॉक्टरांना खोकला नेमका कधी सुरू झाला ते सांगा. अनेकदा ते टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी 'सार्टन' गटातली गोळी देतात. ती एसीईला अडवत नाही, म्हणून हा खोकला तिच्यामुळे सहसा येत नाही.

बदललेल्या गोळीचा गुण त्याच रात्री दिसत नाही. खोकला थांबायला साधारण एक ते चार आठवडे लागतात, काहींना तीन महिनेही.