धूर प्यायलेले जव

गेल्या पंधरा वर्षांत आपल्याकडे बीअरची भाषा बदलली. पुण्यात २००९ साली 'डूलाली' ही छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि जागेवर बनवून तिथंच विकायच्या बीअरचा प्रकार भारतात रुजायला लागला. आता पुण्या-मुंबईत किंवा बंगळुरात अशा ठिकाणी गेलं की वेटर लहान लहान पेल्यांची फळी समोर आणून ठेवतो. एकात कॉफी, एकात संत्र्याची साल, एकात आंबा. या सगळ्याला 'क्राफ्ट' म्हणतात आणि त्यातून एक समज होऊन बसला आहे, की क्राफ्ट बीअर म्हणजे नेहमीच्या बीअरमध्ये कोणीतरी हौसेनं काहीतरी घातलेलं असतं.

मला ज्या बीअरविषयी सांगायचं आहे तिच्यात कोणी काही घातलेलं नाही. बाकीच्या जगानं टप्प्याटप्प्यानं जे काढून टाकलं, ते एका गावातल्या दोन घरांनी काढलं नाही, एवढाच तिचा वेगळेपणा. ती गोष्ट म्हणजे धूर, आणि गाव जर्मनीतलं बांबेर्ग.

प्रवासात संग्रहालयांपेक्षा खानावळींत जास्त वेळ काढणाऱ्यांपैकी मी आहे. भाचा एर्लांगेनला नोकरी करतो. तिथून बांबेर्ग रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासावर. त्यामुळे त्याच्याकडे राहिलेल्या दोन आठवड्यांत मी चारदा बांबेर्गला गेले आणि गावाचं प्रसिद्ध कॅथीड्रल चौथ्या खेपेला पाहिलं. बव्हेरियाच्या उत्तरेला फ्रांकोनिया म्हणून प्रदेश आहे, त्यातलं हे गाव. मधून रेग्निट्झ नदी वाहते, नदीच्या मधोमध जुनं नगरभवन उभं आहे आणि जुना भाग १९९३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. वस्ती पाऊण लाखाच्या आसपास, आणि आपल्याकडे तालुक्याच्या गावात पिठाच्या गिरण्या असाव्यात तशा ब्रुअऱ्या. ज्याची त्याची गिऱ्हाइकं ठरलेली, आणि 'त्यांच्याकडचं आपल्याला चालत नाही' हे वाक्यही ठरलेलं.

कॅथीड्रलच्या टेकडीच्या पायथ्याशी 'श्लेंकर्ला' आहे. या घराचा उल्लेख १४०५ पासून सापडतो. नाव मात्र बरंच अलीकडचं. एका मालकाची चाल हात झुलवत, हेलकावे खात जाण्याची होती, त्यावरून लोकांनी पाडलेलं. आत जुन्या काळ्या तुळया आहेत, लांब लाकडी मेजं आहेत, आणि जागा असेल तिथं अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं. बीअर लाकडी पिंपातून तोटीनं थेट पेल्यात पडते, वायूच्या दाबाचा संबंध नाही. रंग गडद, चहाच्या कोऱ्या काढ्यासारखा. आणि वास? डोळे मिटले तर समोर बीअर आहे असं कोणी म्हणणार नाही. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याची साल काढताना बोटांना जो वास लागतो, तो. युरोपातल्या माणसाला इथं धुरावलेलं डुकराचं मांस आठवतं. ज्याचं त्याचं बालपण.

"मावशी, पहिल्या घोटावर मत देऊ नकोस. ही बीअर तिसऱ्या पेल्याला कळते असं इथं म्हणतात," भाचा म्हणाला. एक पेला अर्ध्या लिटरचा. दीड लिटर रिचवल्याशिवाय मत देता येणार नाही हा नियम विकणाऱ्याच्या फारच सोयीचा वाटतो खरा, पण त्यात तथ्य आहे. ते कळायला आधी धूर येतो कुठून ते पाहायला हवं.

नाचणीचं सत्त्व ज्या घरांत करतात त्यांना बीअरची पहिली पायरी शिकवायला नको. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. मोड येताना दाण्याच्या आत विकरं तयार होतात आणि पिष्टाची साखर करण्याची सोय होते. लहान मुलाला सत्त्व पचतं ते त्यामुळे. बीअरसाठी हेच जवाचं करतात. मोड योग्य वेळी थांबवावे लागतात, नाहीतर दाण्यातला सगळा साठा कोंबच खाऊन टाकतो. थांबवायचा उपाय एकच, वाळवणं. मोडवून वाळवलेल्या या जवाला माल्ट म्हणतात. माल्ट गरम पाण्यात भिजवून निघालेलं गोड पाणी हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचं, निववायचं आणि यीस्ट घालून आंबवायचं. झाली बीअर.

आपल्याकडे वाळवणाला ऊन आहे. बव्हेरियात बीअर थंडीतच बनवत. १५५३ च्या फर्मानानं तर २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बीअर बनवायला बंदीच घातली होती, कारण उन्हाळ्यात ती नासायची. म्हणजे वाळवण करायचं ते बिनउन्हाच्या दिवसांत. मग खाली लाकडाचा जाळ, वर छिद्रांची जमीन, तिच्यावर ओले मोडवलेले जव. उष्णता वर जाणार तर धूरही जाणारच, आणि ओला दाणा धूर पितो. हवेशीर माळ्यावर पसरून वाळवणारे काही होते, त्यांचा अपवाद सोडला तर युरोपच्या मोठ्या भागात कित्येक शतकं बीअरला कमी-जास्त धूर लागलेला असायचा. ती 'धुराची बीअर' नव्हती. बीअर होती. बीअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स एवढंच असावं असं सांगणारा बव्हेरियाचा १५१६ चा गाजलेला कायदा धुराबद्दल अवाक्षर काढत नाही. चुलीवरच्या पिठल्याच्या कृतीत आपण तरी धूर कुठं लिहीत होतो?

मग धूर गेला. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दगडी कोळशाचा कोक करून त्यावर माल्ट वाळवायला लागले. कोक जवळजवळ बिनधुराचा जळतो. पुढं जाळ एकीकडे आणि धान्य दुसरीकडे ठेवून मधून फक्त गरम हवा सोडणाऱ्या भट्ट्या आल्या. त्यातून फिकट, एकसारखं माल्ट मिळू लागलं. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सेन गावी योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिरानं अशा फिकट माल्टपासून सोनेरी, नितळ बीअर बनवली आणि पुढच्या काही दशकांत जगानं तिलाच बीअर म्हणायचं ठरवलं. आज आपल्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या तिच्याच गोतावळ्यातल्या.

ही सुधारणाच होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. आपल्याकडे हमरस्त्यावर 'चुलीवरचं मटण' अशा पाट्या दिसतात, गाड्या थांबतात, माणसं धुराची चव वाखाणत बोटं चाटतात. ज्यांनी जन्मभर त्या चुलीपुढं बसून डोळे चोळले त्या बायकांना गॅस आला तेव्हा काय वाटलं, हे मी घरातच पाहिलेलं आहे. आजीनं चूल मोडली ती पुन्हा घातली नाही, आणि तिला भाकरीची चव बदलल्याचं कधी दुःख झालं नाही. धुराचं कौतुक खाणाऱ्याला असतं. माल्टच्या भट्टीत फावडं घेऊन धान्य उलथणाऱ्या गड्यालाही ते नसणार. म्हणून 'जुनं ते अस्सल' या चालीवर बांबेर्गचं कौतुक मला करवत नाही.

तरीही तिथं जे टिकलं आहे ते मोलाचं वाटतं. बहुतेक ब्रुअऱ्या माल्ट विकत घेतात. 'श्लेंकर्ला' आणि 'श्पेत्सिआल' ही दोन घरं मात्र अजून स्वतःचे जव स्वतः मोडवतात आणि बीचच्या लाकडाच्या जाळावर वाळवतात. 'स्लो फूड' या चळवळीनं लोप पावू शकणाऱ्या खाद्यपदार्थांची जी यादी ठेवली आहे, तिच्यात बांबेर्गच्या या बीअरला जागा मिळाली आहे. गंमत म्हणजे याच गावात 'वायरमान' ही १८७९ पासूनची माल्ट बनवणारी मोठी कंपनी आहे आणि तिचं धुरावलेलं माल्ट जगभर जातं. पोतं मागवून कोणीही, कुठंही धुराची बीअर बनवू शकतो. मी अशा दोन-तीन चाखल्या आहेत. बऱ्या होत्या, पण त्यांत धूर वरून शिंपडल्यासारखा वाटत होता.

आता तिसऱ्या पेल्याकडे. लाकडातलं लिग्निन जळताना फुटतं आणि त्यातून ग्वायकोल, सिरिंगोल अशी रसायनं निघतात. धुराचा वास म्हणून आपण ओळखतो तो मुख्यतः त्यांचा. नाकाचा स्वभाव असा, की एकच वास सतत येत राहिला की ते त्याची दखल घेणं कमी करतं. फोडणीच्या खकाण्यानं दारात आलेला पाहुणा खोकतो, ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला तो जाणवतही नाही, त्यातलाच प्रकार. पहिल्या पेल्यात धुराखेरीज काही कळत नाही. दुसऱ्यात धूर मागं सरतो आणि भाजक्या जवाचा गोडवा पुढं येतो, भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखा. मग हॉप्सचा कडवटपणा, आणि शेवटी जिभेवर कोरडेपणा. बीअर तीच, तुमचं नाक बदललेलं. मला हे दीड पेल्यातच कळलं. श्लेंकर्लाची ही 'मेर्त्सेन' बीअर ५.१ टक्के मद्यार्काची, म्हणजे फार कडक नाही, पण प्यायची ती खात खातच.

आणि खाण्याला तोटा नाही. 'शॉयफर्ला' म्हणजे डुकराच्या खांद्याचा भाजलेला तुकडा, वर कुरकुरीत कातडी, सोबत बटाट्याचा चेंडूएवढा गोळा आणि रस्सा. आतलं हाड फावड्यासारखं असतं म्हणून हे नाव. मला मात्र जास्त आवडला तो भरलेला कांदा. मोठा कांदा कोरून त्यात खिमा भरतात, शिजवतात आणि धुराच्या बीअरचाच रस्सा वर ओततात. बरोबर कुस्करलेला बटाटा. भरली वांगी आणि भरले कांदे खाल्लेल्या जिभेला ही कल्पना नवी नाही, मसाल्याची जागा धुरानं घेतलेली आहे इतकंच. बांबेर्गच्या लोकांना चिडवायला 'कांदे तुडवणारे' म्हणतात. गावातले माळी कांद्याच्या पाती पायानं तुडवून मोडत, म्हणजे जोर कांद्यात उतरतो असा समज. कांद्याच्या माना पडायची वाट पाहणाऱ्या नाशिककडच्या शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो हसणार नाही.

नदीपलीकडे 'श्पेत्सिआल' आहे, १५३६ पासूनचं. इथला धूर हलका, रंगही तांबूस. ज्याला श्लेंकर्लाची धास्ती वाटते त्यानं इथून सुरुवात करावी. रस्ता ओलांडला की समोर 'फेस्ला', तिथं धुराचा पत्ता नाही, साधी नितळ बीअर. दोन्ही दारांच्या मधे वीसेक पावलं. श्पेत्सिआलमध्ये एक आणि मग फेस्लामध्ये एक असं मी करून पाहिलं. धुरानंतर साधी बीअर इतकी फिकी लागते की तिच्यावर अन्याय होतो. उलटा क्रम ठेवावा.

उन्हाळ्यात इथले लोक 'केलर'वर जातात. केलर म्हणजे तळघर, पण बोलताना 'तळघरात' जाऊ म्हणत नाहीत, 'तळघरावर' जाऊ म्हणतात. बर्फयंत्रं येण्याआधी बीअर टेकडीच्या पोटात खोदलेल्या गारव्याच्या भुयारांत मुरवत ठेवायचे. भुयार तापू नये म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली, सावलीत बाकं आली, आणि माणसं तिथंच बसून प्यायला लागली. यंत्रांनी भुयारांचं काम संपवलं, सावली राहिली. बऱ्याच केलरवर घरून डबा आणलेला चालतो. शेजारच्या मेजावर एक आजोबा काकडी, मुळा, पाव आणि चीज मांडून बसले होते. आमच्या डब्यातल्या धपाट्यांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग मुळ्याचा अर्धा भाग कापून आमच्या मेजावर ठेवला. धपाटं गेलं, हे सांगायला नको.

श्लेंकर्ला 'हेलेस' नावाची एक फिकट बीअरही बनवते. तिच्यात धुरावलेलं माल्ट अजिबात नसतं. तरी पेला नाकाशी नेला की दूर कुठंतरी शेकोटी पेटलेली असावी असा वास येतो. त्याच तांब्याच्या कढया, आणि आधीच्या धुरावलेल्या बीअरमध्ये वाढलेलं तेच यीस्ट. भांड्याला लागलेला वास जात नाही, हे आपल्याकडे ताकाच्या मडक्यावरून कोणीही सांगेल. क्राफ्टच्या नावानं मी आजवर जे काही चाखलं, त्यांत ही न घातलेली चव मला सगळ्यांत जास्त पटली.

परदेशातून येताना माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. त्या चार मी मोज्यांत गुंडाळून पुण्याला आणल्या. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवाव्यात, फार गार असल्या तर चव दबते. पहिली नुसती प्यायली आणि घरातल्या दोघांनी नाक मुरडलं. दुसरी वांग्याच्या भरिताबरोबर आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर उघडली. भरितानं नाक आधीच धुराला सरावलेलं होतं, त्यामुळे पहिल्याच घोटात गोडवा लागला. तिसऱ्या पेल्यापर्यंत थांबावं लागलं नाही, आणि नाक मुरडणाऱ्यांनी बाटली संपवली. तिसरी ठेच्याबरोबर घेतली. तसं करू नये. मिरचीनं कडवटपणा अंगावर येतो आणि धूर घशात जाऊन बसतो. चौथी अजून आहे, हुरड्याच्या दिवसांसाठी ठेवली आहे.