संघ नेला, माणसे राहिली

इंग्लंडचा फुटबॉल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे टीव्हीवरची मोठमोठी मैदाने आणि कोट्यवधी रुपये घेणारे खेळाडू येतात. पण त्या देशात लीगची एक लांबच लांब शिडी आहे. वर प्रीमियर लीग, आणि खाली उतरत गेले की एकेका भागापुरत्या छोट्या लीग. तिथला खेळाडू दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी सरावाला येतो. सामन्याला शंभर माणसे जमली तरी पुष्कळ झाली. लंडनच्या आसपासची कम्बाइन्ड काउंटीज लीग ही शिडीच्या अशाच आठव्या-नवव्या पायरीवरची. तिच्यातल्या 2002-03 च्या हंगामाची ही हकीकत.

लंडनचे विंबल्डन आपल्याला टेनिसमुळे ठाऊक आहे. तिथे 1889 मध्ये एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी फुटबॉलचा संघ काढला. हा संघ जवळजवळ नव्वद वर्षे खालच्याच लीगमध्ये खेळला. 1977 मध्ये त्याला फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला, 1986 मध्ये तो सर्वांत वरच्या डिव्हिजनमध्ये पोहोचला, आणि 1988 मध्ये त्याने एफए कपच्या अंतिम सामन्यात बलाढ्य लिव्हरपूलला 1-0 असे हरवले. त्या सामन्यात गोलरक्षक डेव्ह बीझंटने पेनल्टी अडवली, ती गोष्ट जुनी माणसे आजही सांगतात.

पुढे ग्रह फिरले. प्लाव लेनचे जुने मैदान नव्या नियमांना पुरे पडेना, म्हणून 1991 पासून संघ दुसऱ्या क्लबच्या मैदानावर भाड्याने खेळू लागला. मालकांना वाटले, संघ लंडनबाहेर सुमारे 90 किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात न्यावा. समर्थकांनी निदर्शने केली, अर्ज केले. 28 मे 2002 रोजी तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने मालकांच्या बाजूने कौल दिला. समर्थकांनी नवा संघ काढणे हे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही, असेही आयोगाने लिहून ठेवले. म्हणजे घर न्यायचे ते न्यायचे, वर दुसरे बांधू नका असेही सांगायचे!

समर्थकांनी ते ऐकले नाही. काही आठवड्यांतच त्यांनी एएफसी विंबल्डन हा नवा क्लब उभा केला. क्लब सभासदांच्या ट्रस्टच्या मालकीचा, आणि एका सभासदाला एकच मत. क्लब झाला, पण खेळाडू कुठे होते? मग जूनअखेरीस विंबल्डन कॉमन या सार्वजनिक माळावर निवड चाचणी ठेवली. 230 जण आले. त्यांतून संघ निवडला, शेजारच्या किंग्स्टन गावातले मैदान वाटून घेतले, आणि 10 जुलैला पहिला मैत्रीपूर्ण सामना सटन युनायटेडशी झाला. संघ 4-0 ने हरला. पाहायला मात्र 4,657 माणसे होती.

17 ऑगस्टला लीगचा पहिला सामना सँडहर्स्ट टाउनच्या गावी झाला. संघ 2-1 ने जिंकला. तिथे अडीच हजारांच्या आसपास माणसे लोटली. एवढ्याशा क्लबच्या मैदानावर एवढी गर्दी! त्या लीगमधले बरेचसे क्लब असेच. वर्षभर मोजक्या प्रेक्षकांसमोर खेळणारे आणि स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारे. विंबल्डनवाले आले की त्यांच्या तिकिटांच्या पेटीत चार पैसे जास्त पडत. ज्यांनी वर्गणी काढून मंडळ चालवले आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

लगेचच घरच्या पहिल्या सामन्यात चिपस्टेडने त्यांना 2-1 ने हरवले. चार हजारांवर माणसे असूनही! छोट्या लीगमधले संघही कच्चे नव्हते. हंगामाच्या शेवटी विंबल्डनने सलग अकरा लीग सामने जिंकले, तरी क्रमांक तिसरा आला आणि बढती हुकली.

पण त्या वर्षाचा खरा हिशेब गुणतक्त्यात नव्हता. घरच्या सामन्यांना सरासरी तीन हजारांवर माणसे येत होती. जुना संघ तेव्हा अजून लंडनमध्येच, कितीतरी पायऱ्या वरच्या डिव्हिजनमध्ये खेळत होता. त्याची सरासरी मात्र तीन हजारांच्या आत. ऑक्टोबरमध्ये रॉदरहॅमविरुद्ध तर त्याच्या सामन्याला 849 जण होते. 2003 मध्ये तो मिल्टन कीन्सला गेला.

नव्या क्लबने पुढच्या हंगामात 46 पैकी 42 सामने जिंकले आणि एकही गमावला नाही. नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवून 2011 मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये परतला. एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. किंग्स्टनचे ते मैदान ज्या किंग्स्टोनियन क्लबचे घर होते, तो क्लब 2017 मध्ये तिथून बेघर झाला. विंबल्डनने नव्या मैदानासाठी पैसे उभे करताना ते चेल्सीला विकले होते. बेघर होण्याचे दुःख ज्यांनी भोगले, त्यांच्याच व्यवहारात दुसरे बेघर झाले.

नवे मैदान प्लाव लेनवरच, जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर उभे राहिले. त्यासाठी समर्थकांनीही पदरचे पैसे घातले. 3 नोव्हेंबर 2020 रोजी तिथला पहिला सामना डॉनकास्टरशी 2-2 असा बरोबरीत सुटला. करोनाची साथ होती, त्यामुळे स्टँड रिकामे होते. एकोणतीस वर्षे वाट पाहिलेल्यांनी तो सामना घरी बसून पाहिला.