खाणीचे छत

कांदिवलीहून पूर्वेस पाहिले असता जी डोंगररांग दिसते, तिच्या उदरात कान्हेरीची लेणी कोरलेली आहेत. त्यांची संख्या शंभराहून अधिक असून, त्यांतील मोठे चैत्यगृह सुमारे २६ मीटर लांब आहे. दीड हजारांहून अधिक वर्षे हे चैत्यगृह डोंगराचा भार मस्तकी धारण करून उभे आहे. याचे श्रेय ते खोदणाऱ्या कारागिरांच्या कौशल्याला जसे आहे, तसेच तेथील खडकालाही आहे. हा खडक ज्वालामुखीतून निर्माण झालेला, जाड आणि बहुतांशी एकसंध आहे. त्याच्या पोटात पोकळी केली तरी वरचा भाग सहसा सुटा होत नाही.

परंतु सर्वच खडक असे नसतात. आपल्या राज्याच्या पूर्व टोकास, विदर्भातील नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांत, भूमीच्या पोटात कोळसा आहे. तेथील खडक कान्हेरीच्या खडकाहून फार वेगळा आहे. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी नद्यांनी आणलेली वाळू, चिखल आणि कुजलेली वनस्पती यांचे थर एकावर एक साचत गेले. वाळूचा वालुकाश्म झाला, चिखलाचा शेल नावाचा पापुद्र्यांचा दगड झाला आणि वनस्पतींचा कोळसा झाला. म्हणून कोळशाच्या खाणीचे छत म्हणजे एक अखंड शिळा नसून, पुस्तकाच्या पानांप्रमाणे एकावर एक ठेवलेल्या थरांची ती चळत असते. या छताखाली मनुष्य सुरक्षितपणे काम कसा करू शकतो, हे आपण पाहू.

आज विदर्भातील बराचसा कोळसा उघड्या खाणींतून निघतो. तथापि सावनेरसारख्या ठिकाणी भूमिगत खाणीही आहेत. भूमिगत खाणीत कोळशाच्या थरातून उभे-आडवे बोगदे काढतात आणि त्यांच्यामध्ये कोळशाचेच चौकोनी खांब राखून ठेवतात. वरून पाहिले असता हा आराखडा चौकोनी रस्त्यांच्या नगरासारखा दिसेल. बोगदे म्हणजे रस्ते आणि खांब म्हणजे घरांचे चौक.

हे खांब किती भार वाहतात, याचा हिशेब करणे कठीण नाही. एक घनमीटर खडकाचे वजन सुमारे अडीच टन असते. खाण १०० मीटर खोल असेल, तर प्रत्येक चौरस मीटरवर २५० टन भार असतो. दोन खांबांच्या मध्यबिंदूंमधील अंतर २० मीटर आणि बोगद्याची रुंदी ४ मीटर आहे असे मानू. मग खांबाची प्रत्येक बाजू १६ मीटर राहील. म्हणजे ४०० चौरस मीटर जागेवरील भार आता २५६ चौरस मीटरच्या खांबाला वाहावा लागेल. त्यामुळे खांबाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३९० टन भार येईल. कोळसा बाहेर गेला, तरी डोंगराचा भार बाहेर जात नाही. तो केवळ शेजाऱ्याच्या खांद्यावर जातो. म्हणूनच खाण जितकी खोल, तितका खांब मोठा ठेवावा लागतो. भारतात १९५७ साली केलेल्या कोळसा खाण विनियमांनी, ३ मीटर रुंदीच्या बोगद्यासाठी, ६० मीटरपर्यंतच्या खोलीस खांबांच्या मध्यांतील अंतर किमान १२ मीटर ठरविले, तर ३६० मीटरहून अधिक खोलीस ते ३९ मीटर ठरविले.

खांबांच्या बाबतीत लोभ केल्यास काय घडते, याची करुण साक्ष दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रुक येथील खाणीने दिली. तेथे छताकडील कोळसाही काढून घेतल्यामुळे खांब अधिक उंच आणि भार वाहण्यास दुबळे झाले होते. डिसेंबर १९५९ मध्ये खाणीचा एक भाग कोसळला. तरीही काम पुढे चालू राहिले. २१ जानेवारी १९६० रोजी शेकडो खांब एकापाठोपाठ एक चुरडले गेले. एक खांब मोडला की त्याचा भार शेजारच्या खांबावर पडे आणि मग तोही मोडे. त्या दिवशी चारशेहून अधिक कामगार भूमीच्या पोटात कायमचे राहिले. या शोकांतिकेनंतर तेथील संशोधकांनी १२५ ठिकाणच्या खांबांचा अभ्यास केला. त्यांपैकी ९८ ठिकाणचे खांब टिकले होते आणि २७ ठिकाणचे कोसळले होते. त्यांची तुलना करून खांबांच्या बळाचे सूत्र १९६७ साली प्रसिद्ध करण्यात आले.

खांब भक्कम असले, तरी दोन खांबांमधील छत आपोआप सुरक्षित होत नाही. दगड दाबाला चांगला तोंड देतो. पण ताणला असता सहज तुटतो. बोगद्यावरील थर स्वतःच्या भाराने किंचित वाकतो, तेव्हा त्याची खालची बाजू ताणली जाते. बोगद्याची रुंदी दुप्पट केली, तर हा ताण दुप्पट नव्हे, चौपट होतो. शिवाय पातळ थर अधिक वाकतो आणि वरच्या थरापासून विलग होतो. दोन थरांमध्ये अशी फट पडली की खालचा थर एकाकी होतो. त्यात जुनी चीर असेल, पाणी झिरपत असेल किंवा दमट हवेने शेल फुगून भुसभुशीत झाला असेल, तर तो खाली येण्यास फारसा वेळ लागत नाही.

ही गोष्ट समजण्यासाठी एक साधा प्रयोग करून पाहा. दोन विटा थोड्या अंतरावर ठेवून त्यांवर कागदाचे दहा सुटे ताव आडवे ठेवा. ते मध्यभागी झुकतील. आता तेच दहा ताव खळीने एकमेकांस चिकटवा, वाळू द्या आणि पुन्हा विटांवर ठेवा. कागद तेच, वजनही जवळजवळ तेच. पण आता ते पुठ्ठ्यासारखे ताठ राहतील. पूर्णपणे एकजीव झालेल्या दहा थरांचा ताठपणा सुट्या दहा थरांच्या शंभरपट असतो, असे गणित सांगते.

याच तत्त्वावर आजच्या खाणीतील छताचा बंदोबस्त आधारलेला आहे. पूर्वी छताला सालाच्या लाकडाचे टेकू देत असत. टेकू छताला खालून पेलतो. पुढे पोलादी टेकू आले आणि त्यानंतर छताचे बोल्ट आले. छतात वरच्या दिशेने दीड ते अडीच मीटर लांबीचे भोक पाडून त्यात पोलादी गज घालतात व सिमेंटने किंवा राळेसारख्या घट्ट होणाऱ्या द्रव्याने तो पक्का करतात. हा गज पातळ थरांना एकत्र शिवून टाकतो. टेकू छताला आधार देतो, तर बोल्ट छतालाच स्वतःचा आधार बनवितो.

कोणत्या छताला किती आधार हवा, हे ठरविण्यासाठी धनबाद येथील खाण संशोधन केंद्राने छताची जणू परीक्षाच घेण्याची पद्धत तयार केली. तिच्यात छताला १०० पैकी गुण देतात. थरांच्या जाडीला ३०, चिरा व भेगांच्या स्थितीला २५, हवापाण्याने झिजण्याच्या प्रवृत्तीला २०, दगडाच्या बळाला १५ आणि भूजलाला १० गुण राखलेले आहेत. दगड किती कठीण आहे, याला केवळ १५ गुण असावेत, हे पाहून आश्चर्य वाटेल. पण याचा अर्थ उघड आहे. कठीण दगडाचे सुटे पापुद्रे धोकादायक असतात आणि त्याहून मऊ दगडाचा जाड, अखंड थर विश्वासार्ह असू शकतो.

इतके करूनही मनुष्याला डोळे आणि कान उघडे ठेवावेच लागतात. छत पडण्यापूर्वी पुष्कळदा सूचना देते. लाकडी टेकू करकरू लागतात, बारीक कपच्या गळतात, नवी भेग दिसते किंवा पाण्याचे थेंब अकस्मात वाढतात. खाणीतील सरदार हातातील काठीने छत ठोकून पाहतो. खणखणीत नाद आला तर दगड वरच्या थराला घट्ट धरून आहे. पोकळ, बद्द आवाज आला तर आत फट पडली आहे, असे तो ओळखतो. अशा जागेतून माणसांना तत्काळ बाहेर काढणे आणि वाट अडवून टाकणे हे त्याचे कर्तव्य असते. आधार न दिलेल्या छताखाली, आधार देण्याच्या कामाखेरीज कोणीही जाऊ नये, हा खाणीतील अत्यंत महत्त्वाचा नियम आहे.

खाणीत पाणी शिरले किंवा स्फोट झाला, म्हणजे ती वार्ता सर्वत्र पसरते. छत पडून मात्र बहुधा एक किंवा दोनच कामगार दगावतात आणि ती वार्ता त्यांच्या वस्तीपलीकडे क्वचितच जाते. तरीही भारतातील भूमिगत कोळसा खाणींत अनेक दशके सर्वाधिक बळी घेणाऱ्या कारणांत छत कोसळणे हेच अग्रस्थानी राहिले. ज्या थराला ठोकून पाहण्याचा कंटाळा केला, जो टेकू उद्यावर ढकलला, तोच थर आणि तोच टेकू पुष्कळदा घातक ठरला.

महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग आजही कोळशापासून निर्माण होतो. आपल्या घरात दिवा लागतो, तेव्हा त्या प्रकाशामागे भूमीच्या पोटात काळजीपूर्वक छत ठोकून पाहणाऱ्या अज्ञात हाताचाही वाटा असू शकतो. कोळसा किती टन निघाला, हे जसे मोजावे, तसेच तो काढणारे किती जण संध्याकाळी सुखरूप घरी परतले, हेही मोजावे. खाणीच्या यशाचे खरे माप दुसरेच आहे.