स्टिकी नोट्स उघडताच बंद होतंय? 'रीसेट' दाबण्याआधी हे वाचा



विंडोज १० आणि ११ सोबत आपोआप येणारं स्टिकी नोट्स हे ॲप आपल्यापैकी बरेच जण वापरतात. शिष्यवृत्तीचा फॉर्म कुणाचा राहिलाय, कुणाच्या आधारमध्ये नावाची दुरुस्ती बाकी आहे, कोणत्या पालकांना फोन करायचाय, सगळं त्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर. आणि एखाद्या दिवशी आयकॉनवर क्लिक केलं की खिडकी क्षणभर दिसते आणि गायब होते. पुन्हा क्लिक, पुन्हा तेच. यालाच ॲप 'क्रॅश' होणं म्हणतात.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात: "रीसेट मारा" किंवा "फॉरमॅट करून टाका". दोन्हींनी ॲप कदाचित सुरू होईलही, पण चिठ्ठ्या जातील. म्हणून काय करायचं याइतकंच, कोणत्या क्रमाने करायचं हेही महत्त्वाचं आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या: ॲप वेगळं, माहिती वेगळी

शाळेतल्या कपाटाचं कुलूप बिघडलं म्हणून आतली रजिस्टरं खराब होत नाहीत. ॲपचंही तसंच आहे. ते उघडत नाही म्हणजे आतली माहिती गेली, असं नाही. मात्र ही माहिती कुठे ठेवलेली आहे ते प्रत्येक ॲपनुसार बदलतं.

- कॅल्क्युलेटर: गमावण्यासारखं जवळपास काहीच नसतं. बिनधास्त रीसेट करा.
- फोटोज: आपले फोटो पिक्चर्ससारख्या फोल्डरमध्ये असतात. ॲप रीसेट केलं तरी फोटो जागेवरच राहतात.
- स्टिकी नोट्स: चिठ्ठ्या ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात. रीसेट केलं की तो फोल्डर रिकामा होतो. ॲप अनइन्स्टॉल केलं तरी तेच होतं.

ॲप क्रॅश का होतं?

बहुतेक वेळा कारण या चारपैकी एक असतं: अपडेट अर्धवट राहिलं, ॲपची माहिती साठवणारी फाइल बिघडली (फाइलमध्ये लिहिलं जात असतानाच वीज गेली तर असं होऊ शकतं), विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स खराब झाल्या, किंवा सी ड्राइव्हवर जागाच उरली नाही. कारण नक्की माहीत नसलं तरी चालतं. सौम्य उपायापासून कडक उपायाकडे जायचं, आणि प्रत्येक उपायानंतर ॲप उघडून बघायचं.

पायरी १: शट डाउन नको, रीस्टार्ट करा

"बंद करून चालू केला, तरी तेच!" असं आपण म्हणतो. पण विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर शट डाउन करताना सिस्टिमची काही स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. म्हणजे बिघाडही तसाच परत येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये सुरुवात पूर्ण नव्याने होते. म्हणून पॉवर बटणाच्या मेनूतून रीस्टार्टच निवडा.

पायरी २: चिठ्ठ्यांची प्रत काढा

ही पायरी कुणीही वगळू नका.

१. फाइल एक्सप्लोरर उघडा. व्ह्यू मेनूत जाऊन 'हिडन आयटम्स' चालू करा, कारण आपल्याला हवा असलेला फोल्डर लपवलेला असतो.
२. सी ड्राइव्ह, युजर्स, तुमच्या नावाचा फोल्डर, ॲपडेटा, लोकल, पॅकेजेस या क्रमाने आत जा.
३. 'मायक्रोसॉफ्ट स्टिकी नोट्स' असं नाव असलेला फोल्डर शोधा. नावापुढे काही अक्षरं आणि आकडे असतील, गोंधळू नका.
४. त्यातला 'लोकलस्टेट' हा पूर्ण फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर ठेवा.

चिठ्ठ्या 'प्लम' नावाने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये असतात. तिच्या शेजारी त्याच नावाच्या आणखी एकदोन फाइल्स दिसू शकतात. नुकतंच लिहिलेलं कधी कधी त्यांच्यात असतं, म्हणून एकच फाइल न घेता पूर्ण फोल्डर घ्या.

तुम्ही स्टिकी नोट्समध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलेलं असेल, तर चिठ्ठ्या ऑनलाइनही असतात. ब्राउझरमध्ये वननोट डॉट कॉम स्लॅश स्टिकीनोट्स या पत्त्यावर त्याच अकाउंटने जाऊन खात्री करून घ्या.

पायरी ३: तारीख, जागा, अपडेट

कोपऱ्यातली तारीख बरोबर आहे का बघा. जुन्या कॉम्प्युटरमध्ये मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला की तारीख मागे जाते. तारीख चुकीची असली की स्टोअरशी सुरक्षित जोडणी होत नाही आणि अपडेट अडतं. मग सी ड्राइव्हवर पुरेशी जागा आहे का ते तपासा. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडा, लायब्ररी किंवा डाउनलोड्समध्ये जा आणि अपडेट शोधायचं बटण दाबा. सोबत विंडोज अपडेटही करून घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही लक्षात असू द्या.

पायरी ४: टर्मिनेट आणि रिपेअर

सेटिंग्ज, मग ॲप्स, मग इन्स्टॉल्ड ॲप्स (विंडोज १० मध्ये ॲप्स अँड फीचर्स) इथे स्टिकी नोट्स शोधा. विंडोज ११ मध्ये नावासमोरच्या तीन टिंबांवर आणि विंडोज १० मध्ये नावावरच क्लिक केलं की 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' दिसेल. आत तीन बटणं आहेत:

- टर्मिनेट: मागे अडकून पडलेलं ॲप पूर्ण बंद करतं.
- रिपेअर: ॲप दुरुस्त करायचा प्रयत्न करतं, माहितीला हात लावत नाही.
- रीसेट: ॲप कोऱ्या पाटीसारखं करतं, माहिती पुसतं.

आधी टर्मिनेट, मग रिपेअर. रिपेअर आणि रीसेट अगदी जवळजवळ आहेत, म्हणून घाईत बोट घसरू देऊ नका.

पायरी ५: आता रीसेट

रिपेअरने भागलं नाही आणि प्रत पेनड्राइव्हवर आहे, तरच रीसेट करा. ॲप सुरू झालं की ते बंद करा आणि जपून ठेवलेल्या फाइल्स त्याच लोकलस्टेट फोल्डरमध्ये परत टाका. चिठ्ठ्या दिसल्या तर काम झालं. पुन्हा क्रॅश झालं, तर बिघाड त्या फाइलमध्येच आहे हे कळलं. मग ॲप परत रीसेट करून वापरायला लागा. प्रत मात्र टाकू नका, जाणकार व्यक्ती त्यातला मजकूर बऱ्याचदा बाहेर काढू शकते.

पायरी ६: तरीही जमलं नाही तर

कॉम्प्युटरवर एक नवीन युजर अकाउंट तयार करा आणि तिथे ॲप उघडून बघा. तिथे चाललं, तर गडबड तुमच्या अकाउंटपुरती आहे. तिथेही क्रॅश झालं, तर विंडोजच्या फाइल्स तपासायला हव्यात. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून त्यावर राइट क्लिक करा आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. मग इंग्रजीत एस-एफ-सी, एक स्पेस, स्लॅश आणि त्याला जोडून स्कॅननाऊ असं टाइप करून एंटर दाबा. ही तपासणी बराच वेळ चालते, मध्येच खिडकी बंद करू नका.

नेमकं काय घडतंय ते बघायचं असेल, तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा. एक तक्ता उघडेल. ज्या दिवशी ॲप कोसळलं त्या दिवशी लाल फुली असते. त्याच सुमारास एखादं अपडेट झालेलं दिसलं, तर धागा सापडला म्हणून समजा. दुरुस्तीवाल्याला बोलवायचं झालं तर त्यालाही हा तक्ता दाखवा.

हे करू नका

- कुठल्याही साइटवरून सुटी 'डीएलएल' फाइल किंवा 'पीसी क्लीनर' उतरवू नका.
- स्क्रीनवर अचानक आलेल्या मदत क्रमांकावर फोन करू नका, आणि अनोळखी माणसाला कॉम्प्युटरचा ताबा देऊ नका.
- एका वेळी दोनतीन उपाय करू नका. मग कशाने बरं झालं ते कळत नाही.

शेवटचा मुद्दा मुलांना शिकवण्यासारखा आहे. एका वेळी एकच बदल, त्याचा परिणाम वहीत नोंदवायचा, आणि परत फिरता येणार नाही असं पाऊल सगळ्यात शेवटी. विज्ञानाच्या प्रयोगात आपण हेच सांगतो ना? लॅबमधलं एखादं ॲप बिघडलं, तर माणूस बोलवण्याआधी सातवी-आठवीच्या मुलांना सोबत घेऊन पहिल्या चार पायऱ्या करून बघा.

आणि ज्यांचं स्टिकी नोट्स आज नीट चालतंय, त्यांनी पायरी २ आजच करून ठेवा. विद्यार्थ्यांची महत्त्वाची यादी तर एखाद्या वहीतही उतरवून घ्या. वही क्रॅश होत नाही!