दक्षिण खंडांचे आप्तत्व आणि अस्थींची साक्ष

जालना जिल्ह्याचा बहुतेक भूभाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हारसाचे थरांवर थर पसरले व त्यांखाली पूर्वीची भूमी झाकली गेली. त्या भूमीवरील प्राण्यांचा मागोवा घ्यावयाचा तर या खडकाच्या पूर्व सीमेकडे वळावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव येथे लमेटा स्तर उघडे पडले असून त्यांत डायनोसॉरांच्या अस्थी सापडल्या आहेत. डोंगरगावच्या दीर्घग्रीव शाकाहारी प्राण्याचे वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. आज तो 'इसिसॉरस' या नावाने ओळखला जातो.

गुजरातेतील रहिओली येथील लमेटा स्तरांत मिळालेल्या मांसाहारी प्राण्यास २००३ मध्ये 'राजासॉरस' हे नाव देण्यात आले. कपाळावर आखूड शिंगासारखा उंचवटा असलेल्या या प्राण्याचे आप्त मादागास्करमधील मजुंगासॉरस व अर्जेंटिनातील कार्नोटॉरस हे होत. असे अजस्र भूचर महासागर ओलांडून गेले असणे संभवत नाही. मग हे साम्य आले कोठून?

येथे भाषाशास्त्रातील एक विवेक उपयोगी पडतो. मराठीतील 'जमीन' हा शब्द फारसीशी घडलेल्या संपर्काचा द्योतक आहे. उलट 'तीन' व लॅटिन 'त्रेस' यांतील साम्य समान पूर्वजभाषेकडून आलेला वारसा होय. प्राण्यांतील साम्यही संपर्काचे की वारशाचे, हे प्रथम ठरवावे लागते. भारत मादागास्करपासून सुमारे ८ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वी विलग झाला; राजासॉरस त्यानंतर सुमारे दोन कोटी वर्षांनी होऊन गेला. तेव्हा त्याचे व मजुंगासॉरसचे साम्य मुख्यतः वारशाचे मानणे युक्त ठरते. त्यांचे समान पूर्वज अखंड भूमीवर वावरत होते.

तथापि याच कुळातील प्राण्यांचे अवशेष फ्रान्समध्येही आढळले आहेत. म्हणून केवळ एका कुळाच्या साक्षीवर निर्णय देता येत नाही. सागरतळावरील चुंबकीय पट्टे व खंडांच्या कडांवरील खडकांची जुळणी यांचा आधार तिला मिळतो, तेव्हाच ती ग्राह्य ठरते.

एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये या प्राचीन महाखंडास गोंडांच्या भूमीवरून 'गोंडवनभूमी' असे नाव दिले. मधली भूमी सागरात बुडाली, अशी त्यांची कल्पना होती. ती आज मागे पडली आहे. खंडच परस्परांपासून दूर सरकले, हे सिद्ध झाले आहे. नाव मात्र टिकले, आणि त्या महाखंडाच्या इतिहासाची काही पाने आजही गोंडवनातीलच चंद्रपुराच्या मातीत वाचावयास मिळतात.