पाण्याला वाट सोडायला शिकवणारी माणसे

राजगडावर पाली गावाकडून गेले, तर दगडी पायऱ्यांची प्रशस्त वाट लागते. राजेशाही वाटच ती! गुंजवण्याकडून चोर दरवाज्याने चढणाऱ्याला मात्र उभ्या चढाशी झुंजावे लागते. सह्याद्रीतल्या बहुतेक गडवाटा या दुसऱ्या जातीच्या. गुराख्यांच्या आणि सरपण आणणाऱ्या बायाबापड्यांच्या पायांनी त्या पडल्या. तेवढी वर्दळ त्या आनंदाने सोसत. आता पावसाळी सुटीच्या दिवशी गडांवर जत्रेसारखी रांग लागते, आणि वाट दमते.

वाट दमते म्हणजे काय? बुटांखाली गवत मरते, माती सुटी होते, पाऊस पडला की पाणी त्याच चरातून धावते. बघता बघता तिथे घळ तयार होते. मग लोक घळ टाळून कडेने चालू लागतात आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात. धुक्यात नेमकी चुकीची निवडली, की गाठ थेट कड्याशी! अशा चुकलेल्यांना शोधायला लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांची मुले रात्री-अपरात्री दोर घेऊन धावतात. पण वाटच नीट ठेवली तर?

सह्याद्री प्रतिष्ठान, दुर्गवीर प्रतिष्ठान यांसारख्या संस्था गडांवर श्रमदानाच्या मोहिमा काढत आल्या आहेत. मुंबई-पुण्याचे बँक कर्मचारी, कारखान्यातले फिटर, कॉलेजची मुले-मुली शनिवारी रात्री निघतात आणि रविवारी पहार-घमेले हाती घेतात. उत्साहाला तोटा नसतो. खरे सांगायचे तर तोच पहिला धोका! नवा कार्यकर्ता कोयता घेऊन दिसेल ते झुडूप तोडत सुटतो. घाणेरी, म्हणजे टणटणी, काढायलाच हवी. ती अमेरिकेतून बागेत लावायला आलेली पाहुणी. पण नुसती छाटली तर पुन्हा दुप्पट फुटते, मुळासकट उपटावी लागते. शेजारची कारवी मात्र सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी, उतारावरची माती धरून ठेवणारी. तिला हात लावायचा नाही. ही दोन झुडपे ओळखता येईपर्यंत कोयता न दिलेलाच बरा.

दुसरा धडा पाण्याचा. वाटेवर तिरके, खोल गाडलेले दगड बसवायचे, म्हणजे पाणी वाट सोडून उताराकडे वळते. दगड आडवा बसवला तर मागे डबके साचते. फार तिरका बसवला तर पाणी जोराने दुसरीकडची माती खाते. पायरीचा दगड निम्म्याहून अधिक जमिनीत हवा, आणि खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड यायला हवा. सिमेंट नाही! हे शिकवणारा मास्तर पायथ्याच्या गावातच भेटतो. आयुष्यभर शेताला ताल घालत आलेल्या म्हाताऱ्याला दगड हातात घेताच त्याचे तोंड कुठे ते कळते. शहरातल्या इंजिनियरने त्याच्यापुढे मुकाट बसावे.

गावाशी नाते जुळते ते इथेच. दुपारची पिठले-भाकरी गावातल्या घरी सांगितली, की त्या घराला चार पैसे मिळतात. गावातला पोरगा वाटाड्या म्हणून तयार होतो आणि उरलेले सहा दिवस वाटेवर लक्ष ठेवतो. गावाला वगळून केलेल्या मोहिमा फारशा टिकत नाहीत. फोटो तेवढे राहतात.

तिसरा धडा कायद्याचा, कंटाळवाणा पण टाळता न येणारा. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खोदकाम करता येत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांपैकी रायगड, लोहगडासह आठ केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे, तर राजगड, साल्हेर, प्रतापगड आणि खांदेरी राज्याकडे. पायथ्याचे जंगल बहुधा वन खात्याचे. टाक्यातला गाळ काढताना खापराचा तुकडा निघाला, तर तो खिशात न घालता खात्याला कळवायचा असतो.

अमेरिकेतल्या ॲपलाचियन वाटेची कल्पना १९२१ मध्ये बेंटन मॅके यांनी मांडली आणि १९३७ मध्ये ती वाट पूर्ण झाली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची ही वाट आजही मुख्यतः स्वयंसेवी मंडळेच राखतात. प्रत्येक मंडळाला आपला तुकडा नेमून दिलेला असतो. आपल्याकडे एखाद्या गटाने एकच गड धरून दरवर्षी त्याच वाटेवर यायचे ठरवले, तर हे काही अशक्य नाही. अवघड आहे ते पहिल्या रविवारी आलेल्या मंडळींना दुसऱ्या वर्षी परत आणणे.

जाणती मंडळी म्हणूनच ऐन पावसात एक फेरी ठेवतात. त्या दिवशी हत्यारे घ्यायची नसतात. हिवाळ्यात बसवलेल्या दगडापाशी रेनकोट घालून उभे राहायचे आणि पाणी कुठे वळते ते पाहायचे. वळले नाही, तर तो दगड दिवाळीनंतर पुन्हा काढून बसवायचा.